स्थानिकांच्या आग्रहास्तव

एका जंगलात, म्हणजे ज्याचा नकाशा दर दोन पावसाळ्यांनी नव्याने काढावा लागे अशा एका जंगलात, एक टेकडी होती. टेकडीच्या पोटात बिळे होती. बिळांत साळिंदरे राहत होती.

साळिंदर माहीत आहे ना, बाळांनो? तोंड सशासारखे, चाल डुकरासारखी आणि पाठीवर उलटी केरसुणी बांधल्यासारखे काटे. नसेल माहीत तर आईला विचारा. आईलाही माहीत नसेल तर दोघांनी गप्प बसून ऐका.

टेकडीखाली ओढा होता आणि ओढ्यापलीकडे वाघांचे राज्य होते. वाघांना ही टेकडी हवी होती. का हवी होती? हा काय प्रश्न झाला? ती त्यांची नव्हती, म्हणून हवी होती.

तशी त्यांनी आधीही खटपट केली होती. वाघाच्या आजोबांनी टेकडीवर स्वारी केली. साळिंदरांनी शत्रूकडे पाठ केली, काटे फुलवले आणि मागे मागे चालत हल्ला चढवला. पाठ दाखवून लढाई जिंकणारी जगात ही एकच जात असावी. आजोबा त्यानंतर जन्मभर तीन पायांवर चालले. वडिलांनीही स्वारी केली. त्यांच्या नाकात काटा रुतला तो शेवटपर्यंत निघाला नाही. दरबारात त्याला मानाचा तुरा म्हणत असत.

टेकडीवर पाहुणचाराची फार जुनी रीत होती. पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की टेकडीवरच्या सगळ्यांनी काटे मिटायचे. घरात असोत, शेतात असोत, एकूण एक काटा आडवा. पाहुणा समोर बसला आहे आणि यजमानाचे काटे उभे आहेत, हे बरे दिसत नाही. पाहुणा उंबरा ओलांडून गेला की मग ज्याला वाटेल त्याने पुन्हा काटे फुलवावेत.

पाहुण्याला 'निघा' मात्र कधी म्हणायचे नाही. तो जायला उठला, की उलट तीनदा आग्रह करायचा. "थांबा की अजून." पाहुण्याने तीनदा नाही म्हणायचे आणि निघून जायचे. जो कोणी पाहुण्याला 'निघा' म्हणेल, तो त्या क्षणापासून टेकडीचा नव्हे. त्याने चालते व्हावे. ही शिक्षा आजवर कोणाला झाली नव्हती. असा गुन्हा कोणाला सुचलाच नव्हता.

आग्रहाचे काम अंबूआत्याकडे होते. आत्या टेकडीवरच्या सगळ्यांचीच आत्या. उंबऱ्यापाशी तिची जागा ठरलेली. तिच्या आग्रहाची ख्याती चार जंगलांत होती. एकदा दुपारी जायला उठलेले कासव संध्याकाळी उंबऱ्यापाशी पोचले. कासवाची चाल लक्षात घेतली तरी हे जरा जास्तच होते. आत्याला त्याचा फार अभिमान होता. तिला मूलबाळ नव्हते. एक धाकटी बहीण होती, तानी. तानी कंद खणायची, भाजायची, पाहुण्यांना वाढायची आणि पाहुणे गेले की त्यांची नक्कल करून आत्याला हसवायची.

सगळे कसे छान चालले होते. मग वाघांच्या गादीवर नवा वाघ आला.

हा वाघ शिकलेला होता. दोन परक्या जंगलांत राहून आला होता. लढाई त्याला गावंढळ वाटे. त्याने पहिले काम काय केले असेल? साळिंदरांच्या चालीरीतींचा अभ्यास करायला एक कोल्हा नेमला. हा कोल्हा त्याचा चिटणीस. त्याने सहा महिने ओढ्याकाठी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रश्न विचारले आणि साळिंदरांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला.

साळिंदरांना कोण आनंद झाला! आपल्यावर कोणी ग्रंथ लिहिला! टेकडीवर ग्रंथाची मिरवणूक काढण्यात आली. तेविसाव्या पानावर पाहुणचाराची रीत होती आणि तिच्याखाली कोणीतरी तांबड्या शाईने जाड रेघ मारली होती. ते पान कोणी वाचले नाही. जो तो ग्रंथात आपले नाव कुठे आले आहे ते शोधत होता.

आणि एका दुपारी वाघ स्वतः टेकडीवर आला. बरोबर फौज नाही, फक्त चिटणीस. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून एक आरसा आणलेला. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने अदबीने घसा खाकरला.

"आम्ही पाहुणे," वाघ म्हणाला. "आत येऊ का?"

टेकडीवर कोणी हलेना. या वाघाच्या आजोबांच्या पायात काटे घुसवणाऱ्यांत तिचीही आजी होती. पण दारात पाहुणा उभा. आत्या काही ठरवायच्या आत तिचे तोंड बोलून मोकळे झाले.

"या ना, या. विचारताय काय असं?"

वाघाने उंबरा ओलांडला आणि टेकडीवरचे सगळे काटे मिटले.

तानीने भाजलेले कंद वाढले. वाघाने खाल्ले. हो, वाघाने कंद खाल्ले. राज्य वाढवायचे म्हणजे काय काय गिळावे लागते, ते तुम्हाला मोठे झाल्यावर कळेल.

"वा!" वाघ म्हणाला. "तानीबाईंच्या हाताला काय चव आहे!" आणि तो तानीच्या हाताकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

मग तो उठला. "बराय. निघतो आता."

"असं कसं? थांबा की अजून," आत्या म्हणाली.

आता वाघाने नाही म्हणायचे होते. सगळी टेकडी त्या 'नाही'ची वाट बघत होती.

"एवढं म्हणताय तर थांबतो," वाघ म्हणाला आणि पुन्हा बसला.

आजवर कोणी बसले नव्हते. आत्याला पुढे काय करायचे ते माहीत नव्हते, तिच्या आईलाही माहीत नसते. चिटणीसाने वही उघडली आणि लिहिले, 'स्थानिक जनतेच्या आग्रहास्तव महाराजांनी मुक्काम वाढवला.'

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी वाघ उठला. "बराय. निघतो आता."

आत्याने या वेळी अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हटले, "थांबा की."

"जरा मोठ्याने," चिटणीस म्हणाला. "नोंद घ्यायची आहे."

आत्याने मोठ्याने म्हटले. वाघ बसला.

मग हे रोजचेच झाले. रोज दुपारी वाघ जायला उठे. रोज आत्या आग्रह करी. रोज वाघाचा नाइलाज होई. पावसाळ्यात आत्याचा घसा बसला तेव्हा चिटणीसाने मोठ्या मनाने सांगितले, की आत्याबाईंनी नुसती मान डोलावली तरी चालेल.

पाहुणा एकटा कसा राहणार? म्हणून त्याच्या सुरक्षेसाठी चार वाघ आले. ते पाहुण्यांचे पाहुणे. त्यांना उन्हाचा त्रास होई म्हणून सावलीकडची बिळे त्यांना देण्यात आली. ओढ्यावर पाणी प्यायला आधी पाहुणे जात आणि पाणी गढूळ झाले की यजमान. वाघाने एक शाळाही काढली. तिथे तरुण साळिंदरांना काटे नीट चापून बसवायला शिकवत. ज्याचे काटे सगळ्यांत आडवे, त्याला वर्षाकाठी 'मऊबहादूर' असा किताब मिळे. किताब मिळवण्यासाठी लोक पाठीला मध चोळत. मुंग्या लागत, पण किताबापुढे मुंग्यांचे काय एवढे!

टेकडीचे पाटील रखमाजी. त्यांना पहिला किताब मिळाला. त्या दिवसापासून ते पाठीवर झोपू लागले.

"एक सांगू का, आत्या?" पाटील म्हणाले. "महाराज आल्यापासून टेकडीला शिस्त आली. पूर्वी काय होतं आपल्याकडे?"

"काटे होते," तानी म्हणाली.

पाटलांनी इकडेतिकडे पाहिले आणि ते ऐकले नसल्याचे दाखवले. तानी मात्र जोरात हसली. तिचे हसणे पार पाहुण्यांच्या बिळापर्यंत ऐकू गेले.

असे तीन पावसाळे गेले. आणि मग एका सकाळी तानी दिसेना.

आत्याने सगळी बिळे पालथी घातली. ओढा पाहिला, कंदांचा माळ पाहिला. पाहुण्यांच्या बिळाच्या तोंडाशी चार काटे पडले होते. पांढऱ्यावर तपकिरी पट्टे, टोकाशी जरा वाकडे. तानीचे काटे टोकाशी वाकडेच होते. लहानपणी आत्या तिला त्यावरून चिडवायची.

लगेच चौकशी समिती नेमली गेली. समितीत एकच सदस्य होता, चिटणीस. म्हणून तिचा निर्णय एकमताने झाला. महाराज जांभई देत असताना मयत व्यक्ती तिथे असायला नको होती, असे अहवालात म्हटले होते. यापुढे जांभईच्या वेळी साळिंदरांनी सावध राहावे, अशी शिफारसही होती.

वाघाला फार वाईट वाटले. त्या दिवशी तो दुपारची वाट न पाहता सकाळीच उठला.

"घरात असा प्रसंग घडलेला," वाघ म्हणाला. "अशा वेळी आम्ही राहणं बरं दिसत नाही. निघतो आता."

सगळे आत्याकडे पाहू लागले. चिटणीसाने वही उघडली.

आत्याच्या डोळ्यांना धार लागली होती. हातात ते चार काटे होते. आणि तिच्या तोंडून, तिच्या स्वतःच्या तोंडून, शब्द आले. "थांबा की अजून."

"एवढं म्हणताय तर थांबतो," वाघ म्हणाला.

बाळांनो, आत्याला त्या वेळी वाघाचा जेवढा राग आला, त्याच्या शंभरपट स्वतःच्या जिभेचा आला. ती दोन दिवस जेवली नाही. कोणाशी बोललीही नाही. दुपारी आग्रह करण्यापुरते तोंड उघडी आणि मग बिळात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसे.

तिसऱ्या दिवशी कंदांच्या माळावर सभा भरली. धोंडूनाना म्हणून एक म्हातारे साळिंदर होते. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून ते स्पष्ट बोलत.

"यात बोलायचं काय आहे?" नाना म्हणाले. "काटे काढा आणि घुसवा!"

"पाहुणा घरात असताना?" पाटलांनी कानांवर हात ठेवले. "लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

"लोक म्हणजे..." पाटील विचारात पडले. "लोक."

हा मुद्दा सगळ्यांना पटला. लोक कोण ते कोणाला सांगता येईना, पण ते काय म्हणतील ते सगळ्यांना ठाऊक होते. शेवटी एक अर्ज करायचे ठरले. अर्ज कडक असावा, पण सभ्य भाषा सोडू नये, अशी सूचना आली. मग अर्ज लिहिला गेला. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असे वर लिहून मध्ये एक ओळ टाकली, की साळिंदरे कमी होत आहेत तरी विचार व्हावा. आणि शेवटी, जसे कोणत्याही पत्राच्या शेवटी लिहितात तसे, 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.'

चिटणीसाने अर्ज वाचला. मधली ओळ त्याने सोडून दिली. शेवटची ओळ मोठ्या अक्षरांत लिहून घेतली आणि पाहुण्यांच्या बिळाबाहेर लावली. खाली दोनशे साळिंदरांचे अंगठे होते. आत्याचाही होता.

ती पाटी आत्या सबंध दिवस बघत बसली. आपण वाघाला एकदाही घाबरून 'थांबा' म्हटलेले नाही, हे तिच्या ध्यानात आले. आपण दरवेळी शरमेने म्हटले. वाघ दातांवर राहतच नव्हता. तो तिच्या शरमेवर राहत होता, आणि त्या शरमेवर त्याचे छान भागत होते.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. वाघ उठला. त्याने आळस दिला. चिटणीसाने वही उघडली. खरे म्हणजे रोजचे वाक्य त्याने आधीच लिहून ठेवले होते.

"बराय," वाघ म्हणाला. "निघतो आता."

"बरं," आत्या म्हणाली. "निघा."

चिटणीसाच्या हातातली लेखणी खाली पडली. "पुन्हा सांगा बरं, आत्याबाई. मला चुकीचं ऐकू आलं."

"बरोबर ऐकू आलं. निघा म्हणाले. हा उंबरा, ही वाट, खाली ओढा. वाट चुकायला नको म्हणून सांगते."

शब्द बाहेर पडले होते आणि आभाळ काही कोसळले नव्हते.

पाटलांना मात्र घाम फुटला. "आत्या! पाहुण्याला असं बोलतात? महाराज, मनावर घेऊ नका. बहिणीच्या दुःखाने डोकं ठिकाणावर नाही तिचं. बसा, बसा!"

"आम्ही मनावर घेत नाही," वाघ म्हणाला आणि बसला. "पण तुमच्या रीतीत याला काहीतरी शिक्षा आहे ना? तेविसावं पान. तुमच्या परंपरांचा आम्हाला फार आदर आहे. आमच्यामुळे त्या मोडायला नकोत."

चिटणीसाने हुकूम लिहिला. पाटलांनी सही केली. आजपासून अंबूआत्या टेकडीची नव्हे. तिने चालते व्हावे.

आत्या उंबरा ओलांडून बाहेर उन्हात आली. दहा पावले गेली आणि थांबली. आता ती टेकडीची नव्हती. म्हणजे वाघ तिचा पाहुणा नव्हता. तिला हे कळायला थोडा वेळ लागला. तिच्या पाठीला आधी कळले.

पहिला काटा उभा राहिला तेव्हा कळ थेट डोक्यात गेली. तीन वर्षे आडवे पडलेले काटे ते, मुळाशी आखडलेले. मग दुसरा उठला, मग दहा, मग सगळेच. शेपटीचा खुळखुळा वाजू लागला. आत्या बारीकशी बाई. पण काटे फुलवल्यावर ती दुप्पट मोठी दिसू लागली. ऊन काट्यांच्या पट्ट्यांवर पडले होते. आत्या रडत होती आणि तिला फार बरे वाटत होते.

आत सगळी साळिंदरे डोळे फाडून पाहत होती. तरुणांनी तर हे कधी पाहिलेच नव्हते.

"हे आपल्यालाही जमतं?" त्यांच्यातल्या एकीने विचारले.

"जमायचं," कोणीतरी म्हणाले.

आता इथे मी सांगायला हवे, की सगळ्यांच्या अंगात वीरश्री संचारली. तसे काही झाले नाही. त्यांना आत्याचा हेवा वाटला. इतिहासात हेव्याने जेवढी कामे केली आहेत तेवढी वीरश्रीने केलेली नाहीत, पण पोवाडे तिचेच गातात.

धोंडूनाना काठी टेकत वाघासमोर आले. "महाराज, निघा!" ते ओरडले. आणि चिटणीसाकडे वळून म्हणाले, "लिहा माझा हुकूम. लवकर लिहा."

चिटणीसाने लिहिला. पाटलांनी सही केली. नाना बाहेर गेले आणि आत्याच्या शेजारी काटे फुलवून उभे राहिले. त्यांचे निम्मे काटे गळून गेले होते, पण उरलेले ताठ होते.

मग रांगच लागली. कोणी म्हणाले, "उठा, महाराज, फार झालं." कोणी म्हणाले, "काय, मुक्काम हलतोय की नाही?" एक भिडस्त बाई होती, तिच्या तोंडून निघाले, "कृपया निघावं." चिटणीसाने ग्रंथ चाळून सांगितले, की 'कृपया' म्हटल्यावर तो उद्धटपणा होत नाही. बिचारी पुन्हा रांगेत मागे जाऊन उभी राहिली. तिसऱ्या खेपेला तिने डोळे घट्ट मिटून वाघाला "ए वाघ्या, चालायला लाग!" असे सुनावले, तेव्हा कुठे तिला हुकूम मिळाला.

पाटील सह्या करत होते. आयुष्यात एवढे कामकाज त्यांनी एका दिवसात केले नव्हते. उद्धट लोक परस्पर जात आहेत, टेकडी साफ होते आहे, म्हणून ते खूशही होते. वाघ जेवणानंतर पेंगत होता. त्याला हिशेब उशिरा लागला. तो चालीरीती शिकला होता, बेरीज नव्हे.

ऊन कलले तेव्हा शेवटी शेवटी मऊबहादूर आले. किताब परत करावा लागेल का, एवढे विचारून घेऊन तेही वाघाला 'निघा' म्हणाले आणि मध पुसत बाहेर पडले.

आता आत कोण राहिले? वाघ राहिला. त्याचे चार वाघ राहिले. चिटणीस राहिला. आणि रखमाजी पाटील राहिले. बाहेर दोनशे साळिंदरे, दोनशे पाठी उंबऱ्याकडे करून उभी होती. त्यांच्या शेपट्या खुळखुळत होत्या. त्यांच्यातले एकही साळिंदर आता टेकडीचे नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर टेकडीची कोणतीही रीत लागू नव्हती. सगळे रीतसर होते. सह्यांसकट.

वाघाला आजोबांचा पाय आठवला. वडिलांचे नाक आठवले. मग तो उठला.

"बराय, पाटील," तो म्हणाला. "आता खरंच निघतो."

पाटलांना तीन वर्षांत प्रथमच आग्रह करायची संधी मिळाली होती. त्यांना गहिवरून आले.

"असं कसं, महाराज? निदान जेवून तरी जा."

महाराज जेवले. पाटील त्यानंतर कोणाला दिसले नाहीत.

मग चिटणीस उंबऱ्यापाशी आला आणि त्याने बाहेरच्यांना जाहीर केले, की महाराजांनी ही टेकडी तिच्या रहिवाशांना बहाल केली आहे. गेली तीन वर्षे महाराज त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी झटत होते. ते काम आज पूर्ण झाले असून महाराज समाधानाने निरोप घेत आहेत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चिटणीसाने 'टाळ्यांचा कडकडाट' असे लिहून घेतले.

साळिंदरांनी वाघ जाईल एवढीच वाट सोडली होती, तोही सडपातळ वाघ. वाघ पोट आत ओढून चालू लागला. आत्यापाशी आल्यावर तो थांबला आणि हसला.

"आत्या, एकदा 'थांबा' म्हणा की. थांबत नाही मी. आपलं रीत म्हणून."

आणि काय सांगू बाळांनो! आत्याचे तोंड उघडले. दोनशे साळिंदरांदेखत उघडले. शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला. आत्याने ती जीभ दातांत अशी धरली, की तोंडात रक्ताची चव आली. वाघाने क्षणभर वाट पाहिली. मग तो, त्याचे चार वाघ आणि चिटणीस ओढा उतरून गेले.

हुकूम बजावायला आता कोणी उरले नव्हते, तेव्हा साळिंदरे आपापल्या बिळांत परतली. दुसऱ्याच दिवशी सभा होऊन नवी रीत ठरली. पाहुणा असो, कोणी असो, काटे मिटायचे नाहीत. आलेल्याला उंबऱ्याबाहेरच गाठायचे, काय हवे ते विचारायचे, आणि 'निघा' म्हणायचे. 'थांबा' हा शब्द टेकडीवर कोणी उच्चारायचा नाही. सूचना धोंडूनानांनी मांडली आणि अनुमोदन आत्याने दिले. टेकडी पुन्हा कोणाच्या हाती गेली नाही. कासव येईनासे झाले, ससे येईनासे झाले, पण टेकडी गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक खवल्या मांजर टेकडी चढून आले. म्हातारे होते. त्याच्या पायांना भेगा पडल्या होत्या आणि अंगावरचे चार-पाच खवले निघालेले होते. त्याच्या जंगलात कोणी मोठे पाहुणे आले होते. तिथून हे म्हातारे कितीतरी दिवस चालत आले होते.

"बाई," ते आत्याला म्हणाले, "घोटभर पाणी मिळेल का?"

टेकडीवरचे सगळे काटे उभे राहिले. आत्याचेही. तिने द्रोणात पाणी आणून उंबऱ्याबाहेर ठेवले.

"पाणी प्या आणि निघा," ती म्हणाली.

"हो, हो. निघतोच," म्हातारे म्हणाले. पाणी पिऊन त्यांनी द्रोण उपडा ठेवला, हात जोडले. "फार उपकार झाले. बराय, येतो."

त्यांना उठायला जरा वेळ लागला. गुडघे दुखत असतील. किंवा कोणी काही म्हणेल असे वाटले असेल.

आत्याला त्यांना थांबा म्हणायचे होते. या खेपेला शरमेने नाही, रीत म्हणूनही नाही. आत सावली होती, भाजलेले कंद होते, तानीचे बिळ रिकामे होते. तिने तोंड उघडले. काही केल्या शब्द येईना. तिने पुन्हा प्रयत्न केला. म्हातारे पाय ओढत उतारावरून खाली गेले, उन्हात लहान लहान होत गेले आणि दिसेनासे झाले.

आत्या आत आली आणि मोठमोठ्याने रडू लागली. धोंडूनाना धावत आले.

"काय झालं, आत्या? वाघ आला का परत?"

"नाही, नाना," आत्या म्हणाली. "तो कशाला परत येतोय? न्यायचं ते सगळं घेऊन गेलाय."

तात्पर्य : मोठ्या दातांच्या प्राण्यांनी शिष्टाचार जरूर शिकावेत, त्यांना ते फार उपयोगी पडतात. लहान दातांच्या प्राण्यांनी ते वेळेवर विसरावेत. आणि ज्यांना घर उरलेले नाही, त्यांनी पाणी घरूनच पिऊन निघावे.